देहभार उतरविण्याचा दीर्घ पल्ला व मनाचा टिकाव

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शिक्षण, शिष्यवृत्त्या, वसतिगृह, वधूवरसूचन इत्यादी विषयांचा ऊहापोह या व्यासपीठावरून पुष्कळ वेळा झालेला आहे. त्या मानाने आजचा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. वजन कमी करणे ही ज्याची त्याची खासगी बाब, तिचा ज्ञातीशी काय संबंध, असेही कोणी मनात म्हणत असेल. परंतु वैद्यकीय व्यवसायाच्या निमित्ताने आपल्यापैकी अनेक कुटुंबांच्या माजघरापर्यंत जाण्याचा योग आम्हांस आला आहे. पन्नाशी उलटण्यापूर्वीच गुडघे धरून जिना चढणारी गृहिणी आणि चाळिशीतच मधुमेहाच्या गोळ्या सुरू झालेला कर्ता पुरुष ही दृश्ये आता इतकी नित्याची झाली आहेत, की त्यांचे कोणास काही वाटेनासे झाले आहे. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेह्यांची संख्या १० कोटींहून अधिक, आणि त्या रोगाच्या उंबरठ्यावर उभे असलेल्यांची १३ कोटींहून अधिक असल्याचा अंदाज देण्यात आला. या आकड्यांत आपलीही घरे आहेत. सबब हा विषय खासगी म्हणून सोडून देण्याजोगा राहिलेला नाही.

आपण तसे स्थूल नाही, अशी अनेकांची समजूत असते. त्यांच्याकरिता पुण्यातील एक उदाहरण सांगतो. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांची छायाचित्रे २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी छापून आली. उंचीच्या मानाने वजन काढण्याचा जो निर्देशांक आहे, तो दोघांचाही २२.३ होता. तथापि शरीरातील मेद मोजला, तेव्हा युडकिन यांच्या देहात तो शेकडा ९.१, तर याज्ञिकांच्या देहात शेकडा २१.२ निघाला. तात्पर्य, आपल्या लोकांच्या सडपातळ दिसण्यावर विसंबून चालत नाही. म्हणूनच २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी निराळ्या मर्यादा सुचविल्या. निर्देशांक २३ च्या पुढे गेला की वजन अधिक, २५ च्या पुढे गेला की स्थूलता. आणि कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या व स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. शिंप्याची टेप घेऊन ज्याने त्याने घरीच हे पाहावे.

स्थूलतेचा विचार आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'अष्टौनिन्दितीय' नावाचा २१ वा अध्याय आहे. अतिस्थूल मनुष्याचे दोष त्यात मोजून दाखविले आहेत, आणि पोट तर भरेल पण पोषण फार करणार नाही असे अन्न त्याला द्यावे, असा उपायही सांगितला आहे. आजचा आहारतज्ज्ञ भाजी, कोशिंबीर व डाळ वाढवा आणि तेल, साखर कमी करा असे सांगतो, तेव्हा तो वेगळे काही सांगत नाही. म्हणजे काय करावे, हे पुरातन काळापासून ठाऊक आहे. अडचण आहे ती सहा महिन्यांनंतरही ते करीत राहण्याची. आज आम्ही बोलणार आहोत ते या टिकावाविषयी.

पहिल्या महिन्याचा उत्साह आपण सर्वांनी पाहिलेला आहे. नवे बूट येतात, पहाटेचा गजर लागतो, चहातील साखर बंद होते, आणि काटा भराभर खाली येतो. या पहिल्या घसरणीत पाण्याचा भाग मोठा असतो. यकृतात व स्नायूंत साठविलेली साखर वापरली जाऊ लागली की तिच्याबरोबर धरून ठेवलेले पाणीही निघून जाते. पुढे खरा मेद झिजू लागला की आठवड्यास अर्धा किलो हीदेखील उत्तम गती ठरते. मग तीन-चार महिन्यांनी, कधी सहा-आठ महिन्यांनी, काटा एके ठिकाणी ठाण मांडून बसतो. जेवण तेच, चालणे तेच, आणि फळ मात्र शून्य. बहुतेकांचा धीर सुटतो तो या ठिकाणी. 'आमच्या अंगाचा गुणच तसा' असे म्हणून गृहस्थ पुन्हा पूर्वपदावर येतात आणि वर्षाच्या आत गेलेले वजन व्याजासह परत येते.

अशा मनुष्यास आपण दुबळ्या मनाचा ठरवून मोकळे होतो. वस्तुतः त्या वेळी त्याच्या शरीरात काय चालले आहे, हे समजून घेतले तर आपण त्याला इतक्या सहजी नावे ठेवणार नाही. वजन उतरणे म्हणजे दुष्काळ पडला, असे शरीर समजते व त्याप्रमाणे तजवीज करू लागते. मेलबर्न येथील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, वजन उतरल्यानंतर पूर्ण वर्ष लोटले तरी भूक चेतविणारी द्रव्ये रक्तात चढलेलीच होती व तृप्तीची जाणीव देणारी उतरलेलीच होती. अमेरिकेत २०१६ साली झालेल्या एका गणिताप्रमाणे उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च वीस-तीस उष्मांकांनी घटतो, पण भूक मात्र सुमारे शंभर उष्मांकांनी वाढते. म्हणजे दहा किलो उतरविलेल्या मनुष्यास रोज हजारभर उष्मांकांच्या वाढीव भुकेशी सामना करावा लागतो. हा सामना तो महिनोन् महिने करीत आला, ही त्याची दुर्बलता नसून पराक्रम होय. काटा थांबला तेव्हा त्याचे प्रयत्न फुकट जात नव्हते. वजन परत वर चढू न देण्याचे काम ते करीत होते.

उपासमारीने मन खंबीर होते, ही दुसरी गैरसमजूत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण युद्धास तत्त्वतः विरोध करणारे, स्वेच्छेने पुढे आलेले, म्हणजे निश्चयाला पक्के होते. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आले व त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले. त्याबरोबर ते चिडचिडे व उदास झाले, आणि अहोरात्र अन्नाचाच विचार करू लागले. ज्यांनी तत्त्वासाठी समाजाचा रोष पत्करला, त्यांची ही गत, तर लग्नाच्या आधी दोन महिने काकडीवर राहणाऱ्या आपल्या मुलीची काय कथा ?

येथे मूळ मुद्दा येतो. वजन उतरविण्याच्या प्रयत्नाला आपण व्रताचे रूप देतो, आणि प्रत्येक व्रताला उद्यापन असते. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारा मनुष्य कार्तिकी एकादशीची वाट पाहत असतो. कोणी मुलाच्या मुंजीपर्यंत, कोणी लग्नाच्या तिथीपर्यंत, कोणी डॉक्टरांच्या पुढच्या तपासणीपर्यंत हे व्रत धरतो. तिथी आली, उद्यापन झाले, आणि 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण खरी ठरली. आपल्या धर्मशास्त्राने कर्माचे नित्य व नैमित्तिक असे भेद केले आहेत. दात घासण्याचे उद्यापन कोणी करीत नाही, स्नानाचा कोणास कंटाळा आला तरी ते सुटत नाही. आहार व चालणे यांना नैमित्तिकातून काढून नित्यकर्मात बसविणे, हे या दीर्घ पल्ल्याचे खरे रहस्य होय. नित्यकर्माला उत्साह लागतच नाही, आणि जेथे उत्साह लागत नाही तेथे तो ओसरण्याचे भयही उरत नाही.

मग नित्यकर्मात बसेल अशी गोष्ट निवडावी कशी ? दिवसातून दोनदाच जेवा, असे सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे अनुयायी आपल्यात आहेत. थोड्या थोड्या वेळाने थोडे थोडे, व आपले घरचेच अन्न खा, असे सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर यांच्या वाचक भगिनीही आहेत. त्यांचे वाद जेवणाच्या पंक्तीत रंगतात. या वादात आम्ही पडत नाही. बोस्टन येथे १६० जणांवर चार निरनिराळ्या आहारपद्धतींचा वर्षभर प्रयोग करून त्याचा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. कोणती पद्धत घेतली याला फारसे महत्त्व उरले नाही. घेतलेली पद्धत ज्याने जितकी पाळली, तितके त्याचे वजन उतरले. सबब जी रीत आपल्या घराला, कामाच्या वेळेला व जिभेला दहा वर्षे सोसेल तीच आपली. जिच्यासाठी निराळा स्वयंपाक करावा लागतो, ती दोन महिन्यांत मोडणारच.

ध्येय लहान असावे, हा दुसरा नियम. ८० किलोच्या गृहस्थाने ६० चा ध्यास घेतला तर वर्षभर तो स्वतःस अपयशीच समजत राहील. अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंधाच्या प्रयोगात ३,२३४ जणांनी भाग घेतला होता. त्याचे फलित २००२ साली जाहीर झाले. तेथे ध्येय होते ते फक्त शेकडा ७ वजन उतरविण्याचे व आठवड्यास १५० मिनिटे चालण्याचे. ८० किलोच्या मनुष्यास हे साडेपाच किलो होतात. एवढ्याने, सुमारे तीन वर्षांच्या काळात, मधुमेह होण्याचे प्रमाण शेकडा ५८ नी घटले. औषधाच्या गोळीने ते शेकडा ३१ नी घटले होते. चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर असाच प्रयोग केला व २००६ साली त्याचा वृत्तांत दिला. तेथेही राहणीतील बदलाने हे प्रमाण शेकडा २८.५ नी उतरले. त्याहून धीर देणारी गोष्ट पुढेच आहे. अमेरिकेतील त्या मंडळींचे उतरलेले वजन पुढे बऱ्याच अंशी परत चढले, तरी दहा वर्षांनी पाहता त्यांच्यातील मधुमेहाचे प्रमाण इतरांहून शेकडा ३४ नी कमीच राहिले होते. केलेले वाया जात नाही, याला यापेक्षा निराळा पुरावा तो कोणता हवा ?

तिसरा नियम लेखनाचा. आपल्या आजोबांच्या पिढीत रोजचा जमाखर्च लिहिल्याखेरीज दिवा मालवत नसत. तीच सवय येथे उपयोगी पडते. अमेरिकेत सुमारे १,७०० लोकांच्या पाहणीत, २००८ साली, असे आढळले की ज्यांनी खाल्लेले रोज लिहून ठेवले, त्यांचे वजन न लिहिणाऱ्यांच्या दुप्पट उतरले. लिहिताना आपलेच आपल्याला उमगते. दिवसाचे चार कप चहा व प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे चाळीस ग्रॅम. महिन्याचा हिशेब सव्वा किलोच्या घरात जातो. तेलाचे मापही महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत दिसते. दरडोई महिन्यास अर्ध्या किलोच्या आसपास तेल असावे, असे सांगितले जाते. चौघांच्या घरात पाच किलोचा डबा महिन्यात संपत असेल, तर दुखणे कोठे आहे ते वैद्याला विचारण्याची गरज नाही.

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी उपाशीपोटी करावे. मीठ, पाणी, पोट साफ होणे न होणे, स्त्रियांचे मासिक चक्र यांनी किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो. त्यावरून हर्ष वा खेद करू नये; महिन्यामहिन्याचा कल पाहावा. काटा थांबलेला असेल त्या काळात मापे दुसरीकडे शोधावीत. पट्ट्याचे छिद्र एकाने मागे आले काय, स्टेशनचा पूल न थांबता चढता आला काय, मांडी घालून जेवायला बसता आले काय ? आमच्या परिचयाच्या एका शिक्षिका भगिनींनी चौदा महिन्यांत ८४ वरून ७६ किलो गाठले. त्यांतील पाच महिने काटा हललाच नव्हता. त्या चालून आल्या की भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर फुली मारीत. काट्यावर काय दिसावे हे त्यांच्या हाती नव्हते, फुली मारणे होते. त्या पाच महिन्यांतही फुल्या थांबल्या नाहीत, आणि जिन्यात दम लागणे मात्र थांबले.

चौथा नियम खाडा पडल्यावरचा. सण येणार, लग्ने येणार, पाहुणे येणार. पुरणपोळी ताटात पडली असता तोंड फिरविणे हा आपला संस्कार नव्हे, आणि तशी आवश्यकताही नाही. लंडन येथे ९६ जणांवर झालेल्या व २०१० साली छापल्या गेलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरीने ६६ दिवस लागले. कोणास १८ पुरले, तर एखाद्याला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय जडण्यात बाधा आली नाही. घात करतो तो 'आता मोडलेच आहे तर सोमवारपासून पाहू' हा विचार. दुपारी श्रीखंड झाले, तर रात्रीपासून नेहमीचे जेवण. सोमवारची वाट पाहू नये.

पाचवा नियम सोबतीचा, आणि येथे ज्ञातिसंस्थेचा संबंध येतो. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. सत्तरीच्या माउल्या ते अंतर पायी तोडतात, त्या काय सर्वच बलवान असतात ? त्यांची नजर त्या दिवसाच्या मुक्कामावर असते, पुढे-मागे दिंडी असते, आणि दिवेघाटाच्या चढावर कोणी मागे पडली तर दुसरी तिचा हात धरते. न्यू यॉर्क येथील जीन निडेच नामक गृहिणीने हेच तत्त्व निराळ्या मार्गाने शोधले. १९६१ साली तिने आपल्यासारख्याच मैत्रिणींना घरी बोलावून दर आठवड्यास सुखदुःख सांगण्याचा परिपाठ ठेवला. १९६३ साली त्यातून निघालेली संस्था पुढे देशोदेशी पसरली. अमेरिकेतच १९९४ पासून, किमान साडेतेरा किलो उतरवून ते निदान वर्षभर टिकविणाऱ्यांची एक नोंदवही ठेवली जात आली आहे. त्यातील दहांपैकी नऊ जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, आणि चारांपैकी तिघे आठवड्यातून एकदा तरी वजन पाहतात. त्यांनी व्रत केलेले नाही, राहणी बदलली आहे.

आता थोडे कटू बोलतो, क्षमा असावी. सोबत जशी तारते, तशी जीभ मारते. 'काय ग, किती सुटलीस !' हे वाक्य आपल्या लग्नमंडपांत कुशलप्रश्नाच्या जागी वापरले जाते. बोलणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट नसतो. परंतु अमेरिकेत सहा हजारांवर लोकांच्या पाहणीत, २०१३ साली, असे दिसून आले की वजनावरून ज्यांना हिणकस वागणूक मिळाली, ते पुढील काही वर्षांत स्थूल होण्याची शक्यता इतरांच्या अडीच पट होती. लाज दिल्याने वजन उतरत नाही. मनुष्य फक्त चारचौघांत यायचा थांबतो आणि एकांतात खातो. वधूवर मेळाव्यात मुलीच्या अंगलटीची चर्चा तिच्या देखत करणारे वडीलधारे तिचे आरोग्य सुधारीत नाहीत, एवढे आम्ही आमच्या दवाखान्यातील अनुभवावरून निक्षून सांगतो.

घरातील माणसांकडूनही एक मागणे आहे. ज्याला वजन उतरवायचे आहे, त्याच्या ताटात आग्रहाने वाढू नये, आणि सर्वांचे उरलेले संपविण्याचे काम घरच्या गृहिणीवर टाकू नये. तिला संध्याकाळी पाऊण तास चालायला जायचे असेल, तर त्या वेळी कुकर लावण्यास दुसरे हात पुढे यावेत. पत्नीला उपदेश करून चालायला जाणारा गृहस्थ पुष्कळ पाहिला. तिच्याबरोबर जाणारा विरळा.

अलीकडे, २०२५ सालापासून, भूक मंदावणारी काही नवी टोचण्याची औषधे आपल्या देशात मिळू लागली आहेत. ती गुणकारी आहेत, व काहींना आवश्यकही आहेत; ती घेण्यात कमीपणा मानू नये. तथापि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, असे औषध बंद केल्यावर उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश वर्षभरात परत आले. म्हणजे तेथेही उद्यापन फळत नाही. वैद्याच्या सल्ल्यावाचून ती घेऊ नयेत. तसेच मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर भगिनींनी आणि ज्यांचे वजन कारणाशिवाय चढते वा उतरते आहे अशांनी, आहारात बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

शेवटी कार्यकारी मंडळापुढे चार नम्र सूचना ठेवून आम्ही आपली रजा घेतो. संस्थेच्या सभागृहात एक चांगला वजनकाटा व मोजपट्टी ठेवावी, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी येणाऱ्या सभासदांची नोंद खासगी वहीत, कोणाचा आकडा मोठ्याने न उच्चारता, व्हावी. प्रत्येक विभागात पाच-सात जणांची चालणारी मंडळी ठरावीक वेळी निघावी. स्त्रियांची वेळ स्त्रियांनी ठरवावी. संमेलनाच्या पंक्तीत एका गोड पदार्थावर समाधान मानून भाजी, कोशिंबीर व ताक यांना मान द्यावा, आणि आग्रहाची चढाओढ बंद करावी. आणि जे कोणी या वाटेवर वर्षभर टिकले, त्यांचा उतरलेल्या किलोंच्या संख्येने नव्हे, तर चाललेल्या दिवसांच्या संख्येने पुढील संमेलनात नारळ देऊन गौरव करावा. ज्याचा एक किलोही उतरला नाही पण तीनशे दिवस जो चालला, तोही त्या नारळाचा धनी असावा.

आपल्या पूर्वजांनी मूठ मूठ धान्य व आणा-दोन आणे वर्गणी जमवून अशा संस्था उभ्या केल्या, त्या एका वर्षाच्या उत्साहावर उभ्या राहिलेल्या नाहीत. उत्साह ओसरल्यावरही कोणी तरी सभेला गेले, वही लिहिली, दिवा लावला, म्हणून त्या टिकल्या. देहाचीही संस्था याच रीतीने चालते.